थांबण्याची किंमत

माणसाची पारख मिळकतीवरून करू नये, खर्चावरून करावी, असे जुनी माणसे म्हणत. त्यात मला थोडी भर घालावीशी वाटते. खर्चाच्या आकड्यापेक्षा खर्चाच्या क्रमावरून माणूस अधिक कळतो. दिवाळीच्या आधी घरोघर जी यादी होते तीच पाहा. हातातली रक्कम ठरलेली असते, मागण्या मात्र अनेक. वाण्याची उधारी, मुलांचे कपडे, फराळाचे सामान, भाऊबीजेची ओवाळणी, आकाशकंदील, फटाके. सगळेच हवे असते आणि सगळे जमणार नसते. अशा वेळी यादीच्या पहिल्या ओळीवर काय येते आणि शेवटच्या ओळीवर काय राहते, यात त्या घराचे सारे नीतिशास्त्र आलेले असते. ज्याच्या खिशाला मर्यादा नाही त्याला हा क्रम लावावाच लागत नाही, आणि म्हणून त्याला स्वतःची ओळखही बहुधा पटत नाही.

क्रमाचा हाच प्रश्न मला एका अगदी निराळ्या ठिकाणी, इंग्लंडातल्या घरांशेजारच्या लहान लहान गॅरेजांत, फार स्पष्टपणे मांडलेला दिसतो. तेथे एक जुनी, दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स मोटार उभी असते. तिचा मालक श्रीमंत नसतो. गाडीवर त्याचा जीव असतो आणि खिशात बेताचे पैसे असतात. त्याला गाडीचे ब्रेक सुधारायचे आहेत. हे काम त्याने थोडक्या पैशांत कसे करावे, हा वरवर पाहता मिस्त्रीला विचारण्याचा प्रश्न आहे. दिवाळीच्या अंकात त्याची चर्चा कशाला, असे वाचकांना वाटेल. परंतु प्रश्नाचे वरचे तेलकट फडके बाजूला केले की आत एक जुनाच नैतिक प्रश्न आढळतो. माझ्या हौसेपासून दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून मी किती खर्च करायला बांधलेला आहे? आणि माझ्यापाशी तेवढे नसले तर?

उदाहरण म्हणून एमजीबी ही मोटार घेऊ. ऑक्सफर्डशायरमध्ये थेम्सकाठी अ‍ॅबिंग्डन नावाचे गाव आहे. तेथल्या एमजी कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी तयार होत होती, आणि तेवढ्या काळात पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. राजेरजवाड्यांसाठी ती कधीच नव्हती. शाळामास्तर, कारकून, तरुण डॉक्टर यांना परवडावी आणि तरीही रविवारी सकाळी केसांतून वारा जावा, एवढीच तिची महत्त्वाकांक्षा. १७९८ सीसीचे इंजिन, ९५ अश्वशक्ती, ताशी १६० किलोमीटरच्या थोडा वरचा वेग. सुटे भाग अजून मिळतात आणि पान्ह्यांचा एक संच व थोडी चिकाटी एवढ्या भांडवलावर घरी दुरुस्ती करता येते. म्हणून कारखाना बंद पडून चार दशके उलटली तरी त्या गाडीचे संसार चालू आहेत.

तिचे ब्रेक त्या काळाच्या मानाने वाईट नव्हते. पुढच्या चाकांना पावणेअकरा इंची चकत्या आणि मागच्या चाकांना दहा इंची ड्रम. परंतु काळ पुढे गेला आणि रस्त्यावरचा शेजार बदलला. आज त्या गाडीच्या पुढे जी मोटार धावते तिला संगणकाची मदत असते, रुंद टायर असतात, आणि ती पाहता पाहता थांबते. मागून येणाऱ्या जुन्या गाडीच्या मालकाला तेव्हा पोटात खड्डा पडल्यासारखे होते. गाडी तीच आहे, ब्रेक तेच आहेत, तरीही ते अपुरे वाटू लागले आहेत. आपण जागेवर उभे असलो तरी आपली कर्तव्ये उभी राहत नाहीत, हा यातला पहिला धडा.

आता ब्रेक काय करतो ते पाहू, कारण नीतीची चर्चा वस्तू समजून न घेता केली की ती प्रवचन होते. ब्रेक वेग गिळतो आणि त्याची उष्णता करतो. दुसरे काही करत नाही. चालकासह सुमारे १००० किलो वजनाची ही गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवली, तर जी उष्णता निर्माण होते तिच्यात सव्वा लिटर पाणी उकळेल. म्हणजे प्रत्येक जोराचा ब्रेक म्हणजे घरच्या सगळ्यांचा चहा. जो वेग मिळवायला इंजिनाला बारा सेकंदांच्या आसपास लागतात, तो चकत्यांना चार-पाच सेकंदांत पचवावा लागतो. घाटातून उतरताना असे पुन्हा पुन्हा झाले की पॅड तापतात, त्यांची पकड ढिली होते आणि पाय दाबला तरी गाडी पळतच राहते. आपल्याकडे जुन्या फियाटच्या, म्हणजे पुढे प्रीमियर पद्मिनी झालेल्या गाडीच्या, चारही चाकांना ड्रमच असत. बोरघाट उतरताना जळक्या वासाने ज्यांच्या छातीत धस्स झाले असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको. ड्रम म्हणजे झाकण घातलेले पातेले. आतली धग आतच कोंडते. चकती उघडी असते, वारा तिला निववतो.

ही चकतीची कल्पना काही नवी नाही. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते. पण तिचा डंका वाजला तो १९५३ साली. फ्रान्समधल्या ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपच्या चकत्या लावलेली जॅग्वार गाडी टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन या जोडीने पहिली आणली, आणि त्या शर्यतीत विजेत्याचा सरासरी वेग प्रथमच ताशी शंभर मैलांच्या वर गेला. हा तपशील मला विचार करण्याजोगा वाटतो. गाडी थांबवणारे साधन सुधारले आणि त्याचा परिणाम म्हणून गाडी अधिक वेगाने धावली! वळणाच्या अगदी जवळ जाईपर्यंत वेग टिकवता येतो, हा चांगल्या ब्रेकचा शर्यतीतला फायदा. संयमाचे साधन वेगाच्या सेवेला असे जुंपता येते. या गोष्टीकडे आपल्याला पुढे परत यावे लागेल.

तर आपला बेताच्या खिशाचा मालक दुकानाच्या काचेपाशी उभा आहे. काचेत काय मांडले आहे? भोके पाडलेल्या चमकत्या चकत्या, तांबडे रंगवलेले मोठे कॅलिपर, पोलादी जाळीने विणलेले होज. याच गाडीच्या आठ सिलिंडरांच्या भावंडाचे जाड चकत्यांचे ब्रेक या गाडीला बसवता येतात, आणि अनेक हौशी लोक तसे बसवतातही. हे सारे खोटे नाही. लांब घाट, शर्यतीचे मैदान, वाढवलेले इंजिन अशा ठिकाणी जाड चकती जास्त उष्णता पोटात घेते आणि दहाव्या वेळीही पहिल्यासारखी पकडते. परंतु साध्या रस्त्यावर, एकदाच, अचानक थांबायचे असेल तर ती फारसे काही करत नाही. कारण गाडी शेवटी थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यातला संबंध. जुन्या ब्रेकने चाक जाम होऊ शकत असेल, तर नवा ब्रेक त्याहून अधिक काय करणार? उलट पुढचे ब्रेक वाढवून मागच्यांचा विचार केला नाही तर पुढची चाके लवकर घसरू लागतात. मागचे वाढवले तर गाडीची शेपटी पुढे येऊ पाहते. पैसे खर्च करून गाडी पहिल्यापेक्षा वाईट थांबेल, अशी व्यवस्था करता येते.

याच्या उलट ज्या गोष्टींनी गाडी खरोखर थांबते त्या काचेत मांडता येत नाहीत. पहिली म्हणजे ब्रेक ऑइल. नावात ऑइल असले तरी ते तेल नव्हे, आणि त्याला एक खोड आहे. पावसाळ्यातल्या मिठासारखे ते हवेतला ओलावा ओढून घेते. डॉट ४ जातीचे नवे ब्रेक ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे. तेच ओलावले की हा दंडक १५५ अंशांवर येतो. ते उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जाऊन टेकते. वर्षानुवर्षे न बदललेले ब्रेक ऑइल म्हणजे ऐन प्रसंगी फिरणारा शब्द. दुसरी गोष्ट रबरी होजची. ते बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून फुगत, चिरत, बुजत जातात. तिसरी म्हणजे चाकापाशी असलेल्या सिलिंडरांतले रबर, त्यातून पाझरणारा थेंब, गंजून अडकलेले पिस्टन. चौथी, काचेसारखे गुळगुळीत झालेले पॅड. आणि पाचवी, टायर. नक्षी अजून खोल आहे म्हणून दहा-पंधरा वर्षांचे टणक झालेले टायर वापरत राहणे ही जुन्या गाड्यांच्या घरातली नेहमीची काटकसर आहे. या पाचही गोष्टी दुरुस्त करायला तांबड्या कॅलिपरच्या संचाहून बहुधा कमीच पैसे लागतात. चांगल्या जातीचे थोडे अधिक पकडणारे पॅड त्यात धरले तरी हिशेब फारसा बिघडत नाही.

म्हणजे येथे एक सुखद योगायोग आहे. जे आधी करायला हवे तेच स्वस्तही आहे. मग माणसे ते आधी का करत नाहीत? कारण ते दिसत नाही. नवा होज चाकाच्या मागे, चिखलात, अंधारात राहतो. पाहुणा येतो तेव्हा त्याला ब्रेक ऑइलचा रंग दाखवता येत नाही. घरातही छताची गळती काढण्याआधी दर्शनी भिंतीला रंग देणारे लोक आपण पाहतो. काटकसर आणि दिखाऊपणा या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत असे आपण समजतो, पण एकाच माणसात त्या मजेत नांदतात. न दिसणाऱ्या जागी तो काटकसर करतो आणि वाचलेले पैसे दिसणाऱ्या जागी लावतो.

यावर कोणी म्हणेल, गाडी त्याची, पैसे त्याचे, जीवही त्याचाच. त्याने ते कसे उधळावेत हे सांगणारे आपण कोण? जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली स्वातंत्र्यावर लिहिताना, ज्या कृत्याचा परिणाम फक्त करणाऱ्यावर होतो त्यात समाजाने हात घालू नये, असे आग्रहाने मांडले होते. मला ते मान्य आहे. म्हातारपणी कोणाला उघड्या गाडीतून थंडीत हिंडायचे असेल तर त्याने खुशाल हिंडावे. आसनाचे कातडे फाटके ठेवावे, टप गळका ठेवावा, आवाज होतो म्हणून मागच्या पिढीला शिव्या द्याव्यात. पण मोटारीत ब्रेक हा असा भाग आहे की तो मुख्यतः गाडीबाहेरच्या माणसाच्या उपयोगाचा असतो. इंजिन मालकासाठी, आसन मालकासाठी, रंग शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवण्यासाठी. ब्रेक मात्र त्या मुलीसाठी आहे जी शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडत असते. तिने त्या गाडीत कधी पाऊल ठेवलेले नाही. वाऱ्याच्या त्या सुखात तिचा वाटा नाही. धोक्यात मात्र तिचा वाटा मालकाहून मोठा आहे, कारण त्याच्याभोवती पत्रा आहे आणि तिच्याभोवती काही नाही. ब्रेकवर वाचवलेला पैसा मालकाच्या खिशात राहतो खरा, पण तो निघतो तिच्या खिशातून.

इंग्लंडच्याच कायद्याने हा विचार एका मजेदार खटल्यात स्वीकारला. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावी एका बाईला जिंजर बिअरच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय मिळाली. बाटली तिने स्वतः विकत घेतलेली नव्हती, मैत्रिणीने घेऊन दिली होती. तेव्हा कारखानदार तिचे काय देणे लागतो, असा प्रश्न पडला. १९३२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सचा निकाल देताना लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी कायद्यातल्या शेजाऱ्याची व्याख्या केली. माझ्या कृतीचा ज्याच्यावर जवळून परिणाम होईल असे मला आधी दिसायला हवे, तो माझा शेजारी. त्याचे घर माझ्या घराला लागून आहे की नाही, हा प्रश्नच नाही. आपल्याकडे शेजारधर्म हा शब्द फार जुना. वाटीभर साखर देणे, आजारपणात रात्र जागवणे एवढा त्याचा अर्थ आपण करतो. पण ज्याचे तोंडही आपण पाहिलेले नाही आणि ज्याच्याशी गाठ पडलीच तर ती एका क्षणाची, एका चौकातली, त्याच्याही बाबतीत हा धर्म लागू होतो. रस्ता म्हणजे धावता शेजार.

हा शेजार किती गुंतागुंतीचा असतो याचे भयंकर उदाहरण पुन्हा ल माँ येथलेच आहे. ११ जून १९५५ रोजी जॅग्वारच्या माइक हॉथॉर्नने थांब्याकडे वळण्यासाठी झपाट्याने वेग कमी केला. त्याच्या मागच्या ऑस्टिन-हीली गाडीतल्या लान्स मॅक्लिनने त्याला चुकवण्यासाठी गाडी बाजूला घेतली. तिला मागून पिअर लेव्हेघची मर्सिडीज धडकली आणि उडून प्रेक्षकांत गेली. लेव्हेघ आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. नंतरच्या चौकशीत कोणा एका चालकाला दोषी धरले गेले नाही. त्या जुन्या, अरुंद मार्गावरच बोट ठेवले गेले. पैशांची कमतरता असलेली एकही गाडी त्या तिघांत नव्हती. मी हे उदाहरण देतो ते एवढ्यासाठी की थांबणे हीदेखील एकट्याची गोष्ट नाही. पुढच्यासाठी थांबायचे आणि मागच्याचा विचार करून थांबायचे, असे दुहेरी ओझे त्या एका पेडलवर असते. आणि त्याची किंमत ज्यांनी दिली ते बहुतेक जण कठड्यापलीकडे नुसते उभे होते.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप ऐकला पाहिजे, आणि तो पहिल्याहून अवघड आहे. दुसऱ्याच्या जिवाला मोल नाही हे खरे मानले तर खर्चाला अंतच राहत नाही. नवे पॅड लावले, जाड चकती का नाही? जाड चकती लावली, मग नवी गाडीच का नाही? या तर्काने गरिबाने गाडी चालवूच नये आणि सदाचार हा श्रीमंतांचा विशेष हक्क ठरावा. नीतीचा एखादा नियम पाळायला आधी पैसे मोजावे लागत असतील, तर तो नियम संशयास्पद आहे असे मानायला मी तयार आहे.

कायदा येथे थोडी मदत करतो, पुरेशी करत नाही. ब्रिटनमध्ये जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी १९६० साली सुरू झाली तेव्हा दहा वर्षांच्या गाडीचे ब्रेक, दिवे आणि सुकाणू एवढेच पाहत असत. म्हणजे राज्यालाही पहिल्यांदा ब्रेकच आठवला. मे २०१८ पासून मात्र चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना त्या वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. गाडी रस्त्याच्या योग्यतेची ठेवण्याची जबाबदारी मालकावर कायम आहे. फक्त दरवर्षी कोणी विचारायला येत नाही. मास्तर वर्गाबाहेर गेल्यावर मुले काय करतात, यावरून शाळा कळते.

कायद्याच्या रेषा कशा पडतात याचे याच गाडीत आणखी एक बोलके उदाहरण आहे. सुरुवातीच्या एमजीबीला ब्रेकची एकच वाट होती. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी वाट सक्तीची केली, म्हणजे एक फुटली तरी दुसरी उरावी. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याने अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांना ती बसवली. इंग्लंडातल्या गिऱ्हाइकाला मात्र त्यानंतर बरीच वर्षे एकाच वाटेवर भागवावे लागले. कारखाना तोच, कामगार तेच. पण समुद्रापलीकडच्या पादचाऱ्याच्या जिवाला दोन नळ्या आणि घरच्या पादचाऱ्याच्या जिवाला एक. कायदा जेवढे मागतो तेवढेच दिले, की असा हिशेब निघतो.

मग बेताच्या खिशाच्या माणसाने रेषा कोठे ओढावी? मला वाटते, दोन निरनिराळ्या देण्यांची गल्लत केल्यामुळे हा प्रश्न अवघड होतो. गाडी ज्या दिवशी कारखान्याबाहेर पडली त्या दिवशी ती जशी थांबत होती, निदान तशी आज थांबली पाहिजे, हे पहिले देणे. येथे खिशाची सबब चालत नाही. होजसाठी पैसे नसतील तर गाडी गॅरेजात राहील. यात गरिबावर अन्याय नाही, कारण चैनीची गाडी रस्त्यावर आणण्याची सक्ती कोणीच केलेली नाही. पोटासाठी टेंपो चालवणाऱ्याचा प्रश्न याहून कठीण आहे, आणि त्याला उत्तर देताना मालक, मजूर, भाडे, कर्ज असे सारे समाजशास्त्र मध्ये येईल. रविवारच्या हौसेला ती सवलत मागता येणार नाही.

याच्या पुढचे जे सारे, म्हणजे जाड चकती, दुहेरी वाट, पायाचा जोर वाचवणारे सर्व्हो, ते दुसरे देणे. येथे ऐपतीला बोलण्याचा अधिकार आहे. ज्याला जमेल त्याने करावे; करताना आधी दुहेरी वाट आणि मग चकती, असा क्रम ठेवावा. आणि ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी एक ब्रेक असा आहे की तो कोणत्याही दुकानात मिळत नाही आणि त्याला एक पैसाही पडत नाही. वेग आणि उष्णता यांचे नाते वर्गाचे आहे. ताशी १०० किलोमीटरच्या ऐवजी ८० ने गेले तर वेग पाचव्या हिश्शाने कमी होतो, पण ब्रेकला पचवायची ऊर्जा ३६ टक्क्यांनी उतरते. पन्नासावर ती पाव उरते. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवायला काय लागते? ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा आपल्याकडच्या ट्रकवाल्यांचा नियम म्हणजे इंजिनालाच ब्रेकचे काम देण्याची युक्ती. ती शिकायला पैसे लागले नाहीत, शहाणपण लागले. पैशाची उणीव गतीच्या संयमाने भरून काढता येते, म्हणून हा नियम गरिबालाही पाळता येतो. किंबहुना तोच अधिक चांगला पाळतो. आपले ब्रेक साधे आहेत हे त्याला प्रत्येक वळणावर आठवत असते.

आणि येथेच आपण मघाच्या गोष्टीकडे परत येतो. १९८० च्या दशकात जर्मनीतल्या म्यूनिक शहरात टॅक्सींवर एक प्रयोग झाला. काही टॅक्सींना चाके जाम होऊ न देणारे नवे ब्रेक लावले, काहींना जुनेच ठेवले. नव्या ब्रेकवाल्यांचे अपघात कमी होतील अशी अपेक्षा होती. तसा फरक आढळला नाही. नवे ब्रेक हाती आलेले चालक वळणे अधिक तीव्र घेऊ लागले होते. मिळालेली सुरक्षितता त्यांनी खर्च करून टाकली होती. जेराल्ड वाइल्ड या मानसशास्त्रज्ञाने १९८२ साली असा सिद्धान्त मांडला की माणूस मनाशी धोक्याचे एक माप ठरवून ठेवतो आणि साधने सुधारली की तेवढा धोका वाढवून ते माप पुन्हा भरतो. हा सिद्धान्त सर्वांना मान्य नाही, आणि सर्वच सुधारणा अशा वाया जातात असे मीही म्हणणार नाही. परंतु त्यात जी सूचना आहे ती प्रत्येकाने आपल्यापुरती घ्यावी. मुलीसाठी म्हणून ब्रेक घेतले आणि त्यांच्या भरवशावर तिच्या शाळेपुढून अधिक वेगाने गेलो, तर दिलेली वस्तू आपण परत घेतली. सुधारणेचा फायदा कोणाच्या खाती जमा झाला, हे पावतीवरून कळत नाही. ते काट्यावरून कळते.

मोटारीच्या आधीच्या वाहनांत हा प्रश्न इतका तीव्र नव्हता. कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे. त्या रूपकात ब्रेक नाही, कारण घोड्याला स्वतःची जाण असते. गाडीवान डुलक्या घेत असला तरी बैल वाटेत बसलेल्या पोराला तुडवीत जात नाहीत. आपली नीती कित्येक शतके अशा वाहनांवर बसून आली. थोडा विवेक जनावराच्या वाट्याला होता. मोटारीने तो वाटा काढून घेतला आणि सगळाच्या सगळा माणसाच्या उजव्या पायाखाली ठेवला. आता गाड्यांना पुन्हा डोळे फुटू लागले आहेत, समोर कोणी आले की त्या आपण होऊन थांबतात. अ‍ॅबिंग्डनच्या जुन्या गाडीला ते कधी फुटणार नाहीत. तिच्या मालकाला सगळे ओझे स्वतः वाहावे लागेल, आणि त्या गाडीचा खरा आनंद कदाचित त्यातच असेल.

ते वाहणे कसे दिसते? बहुधा एखाद्या शनिवारी दुपारी, फरशीवर पसरलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर. बाप गाडीखाली, मुलगा आसनावर. बाप म्हणतो दाब, मुलगा पेडल दाबतो. बाप म्हणतो सोड, मुलगा सोडतो. नळीतून बुडबुडे निघतात आणि हळूहळू निघायचे थांबतात. जुन्या पॅडची धूळ बापाने फुंकरीने न उडवता ओल्या फडक्याने टिपलेली असते. एके काळी ब्रेकच्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि ब्रिटनने १९९९ साली त्यावर बंदी घालेपर्यंत कित्येक मिस्त्र्यांनी ती धूळ छातीत घेतली होती. स्वस्ताईची किंमत मोजणाऱ्यांत तेही होते. काम आटोपल्यावर शहाणा बाप गाडी एखाद्या जाणत्या मिस्त्रीला दाखवून आणतो, कारण स्वतःच्या हाताचा अभिमान ठीक, पण त्या अभिमानाची परीक्षा चौकात होऊ नये.

असे काम झाल्यावर दाखवायला काहीच नसते. एवढा खर्च, आणि गाडी होती तशीच दिसते. आपल्याकडे अशा खर्चाला गुप्तदान म्हणण्याची चाल आहे: कोणाला दिले हे देणाऱ्याला ठाऊक नाही, कोणी दिले हे घेणाऱ्याला ठाऊक नाही. शाळेतून परतलेली ती मुलगी घरी गेल्यावर आज काय झाले म्हणून विचारले तर काही नाही असेच सांगेल. तरीही दान हा शब्द मला येथे मोठा वाटतो. ज्याच्या रस्त्यावरून आपण आपली हौस नेतो त्याचे आपण काही देणे लागत असतो, आणि देणे फेडण्याला दान म्हणत नाहीत. दिवाळीच्या यादीत त्याची जागा वाण्याच्या उधारीपाशी, पहिल्या ओळीवर आहे. ती ओळ फिटली की मग खुशाल कॅलिपर तांबडे रंगवावेत. सणासुदीला थोडा रंग सगळ्यांनाच आवडतो.